'लॉक्स'चं वय मोजताना

रविवारी सकाळी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला माशाच्या एका जुन्या दुकानात नंबर लावून उभी होते. माझ्या पुढे ऐंशीच्या घरातले एक आजोबा होते. काउंटरमागच्या पोराने काय देऊ म्हणून विचारलं, तसे आजोबा म्हणाले, "लॉक्स. पोटाकडचा. नोव्हा नको." पोराने लांब, लवचिक पात्याची सुरी घेतली आणि केशरी-गुलाबी माशाचे तिरके काप काढायला लागला, इतके पातळ की खालचा पांढरा कागद दिसावा. मधेच एक काप त्याने सुरीच्या टोकावरून माझ्यापुढे केला. धुराच्या वासाची तयारी ठेवून मी तो तोंडात टाकला, पण धुराचा मागमूसही नव्हता. होतं ते मीठ, माशाच्या चरबीत आतपर्यंत मुरलेलं. मला एकदम आजोळची आठवण झाली. पावसाळ्यासाठी खारवून ठेवलेल्या बांगड्याची चव याच जातकुळीतली.

आजोबांनी जो फरक केला, तो आज न्यूयॉर्कमध्येही फार लोक करत नाहीत. लॉक्स म्हणजे मुळात खारवलेला सॅमन. तो मिठाच्या पाण्यात मुरवतात, त्याला धुरी देत नाहीत. नोव्हा म्हणजे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या नावाने ओळखला जाणारा, हलकंच मीठ लावून थंड धुरात ठेवलेला सॅमन. आता दोन्हींना सरसकट लॉक्स म्हणतात. मांसमच्छी न खाणाऱ्यांसाठी गाजराचे काप मुरवून त्यालाही तेच नाव देतात. याबद्दल माझी तक्रार नाही. नावं अशीच सरकत असतात. मुंबईच्या हॉटेलांत रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात आणि रावसाचं सॅमनच्या कुळाशी काही नातं नाही, तरी कोणाचं अडत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. गेली काही वर्षं हा शब्द भलत्याच कारणाने मिरवला जातोय. 'लॉक्स हा आठ हजार वर्षं उच्चार आणि अर्थ न बदललेला शब्द आहे', असं एक वाक्य फिरतं. लोक ते एकमेकांना पाठवतात आणि आश्चर्याने तोंडात बोट घालतात. वाक्य मोहक आहे, पण बरंचसं चूक आहे. आणि चुकीपेक्षा मला जास्त लागतं ते हे, की या शब्दाची खरी कहाणी त्या आठ हजारांच्या आकड्याखाली पार गाडली जाते.

आधी चूक कुठे ते सांगते. इंग्रजीतला 'लॉक्स' यिडिशमधल्या 'लाक्स'वरून आला. यिडिश ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. बांधा जुन्या जर्मनचा, लिपी हिब्रू, आणि शब्दसंपत्तीत हिब्रू, अरामी आणि स्लाव्ह भाषांचा मोठा वाटा. जर्मनमध्येही हा मासा 'लाक्स'च. स्वीडिश आणि आइसलँडिकमध्येही जवळपास तेच. रशियनमध्ये 'लोसोस', लिथुएनियनमध्ये 'लाशिशा'. चीनच्या पश्चिमेला तारीमच्या वाळवंटी खोऱ्यात तोखारी भाषेची जुनी हस्तलिखितं सापडली, त्यांतही 'लाक्स' आहे. त्या वाळवंटात सॅमन कुठला असणार, तिथे त्याचा अर्थ नुसता 'मासा'. एवढ्या दूरदूरच्या बहिणींकडे सारखा दागिना दिसला, की तो आईकडून आला असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. ही आई म्हणजे आद्य भारोपीय भाषा, जिच्या वंशात आपली संस्कृत आणि मराठीही आहे. इथवर सगळं ठीक आहे.

पण उच्चार बदलला नाही, हे खरं नाही. मूळ शब्दातला 'क' जर्मानिक भाषांच्या (जर्मन, स्वीडिश, इंग्रजी यांच्या कुळाच्या) पूर्वजात घासून 'ख'-'ह'च्या जवळ गेला. हजारेक वर्षांपूर्वीच्या जर्मनमध्ये हा शब्द 'लाह्स' असा दिसतो. पुढे 'स'च्या शेजारी असल्यामुळे त्या 'ह'चा पुन्हा 'क' झाला. म्हणजे शब्द घर सोडून गेला, बरीच शतकं दुसऱ्या सुरात बोलला आणि योगायोगाने जुन्या उच्चाराच्या दारात परत आला. आपण फक्त पहिला आणि शेवटचा फोटो शेजारीशेजारी ठेवतो आणि म्हणतो, बघा, माणूस बदललाच नाही.

अर्थाचंही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला काही जर्मन विद्वानांनी या शब्दावरून मोठा इमला उभा केला. सॅमन बाल्टिक आणि उत्तर समुद्राला मिळणाऱ्या नद्यांत सापडतो, म्हणून भारोपीय लोकांची मूळ भूमीही तिकडेच, असा त्यांचा दावा होता. याला 'सॅमनचा युक्तिवाद' असंच नाव पडलं. १९८० च्या दशकात रिचर्ड डीबोल्ड या अमेरिकी अभ्यासकाने दाखवलं, की हा शब्द मुळात ट्राउटच्या जातीच्या माशाचा असावा. तसा मासा काळ्या आणि कॅस्पियन समुद्राच्या नद्यांतही होता. लोक उत्तरेला सरकले, तिथे त्याच्यासारखाच पण मोठा मासा दिसला आणि जुनं नाव त्याला चिकटलं. मग अमेरिकेत गेल्यावर तेच नाव जिवंत माशावरून उतरून फक्त खारवलेल्या माशावर बसलं. ट्राउट, सॅमन, खारवलेला सॅमन, आणि आता धुरी दिलेलाही. याला न बदललेला अर्थ कसं म्हणायचं? राहता राहिलं वय. मूळ भाषा पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची मानणारा मोठा पक्ष आहे आणि आठ हजारांपर्यंत मागे नेणाराही पक्ष आहे. वाद मिटलेला नाही, आकडा मात्र ठाम होऊन फिरतो.

या वादात आपल्या घरातलाही एक शब्द ओढला गेला होता, तो 'लाख'. पॉल थीमे या जर्मन संस्कृत पंडिताने विसाव्या शतकाच्या मध्यावर असं मांडलं, की 'लक्ष' ही संख्या आणि 'लाक्षा', म्हणजे बांगड्यांची लाख, या दोन्हींच्या मुळाशी सॅमनच आहे. अंडी घालायला थव्याने नदी चढणारे असंख्य मासे म्हणून लक्ष, आणि माशाच्या मांसाचा तांबूस रंग म्हणून लाक्षा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अक्षरशः शहारले. पगाराच्या आकड्यात, शुभेच्छांत, 'लाख मोलाची' म्हणताना आपण नकळत एका विसरलेल्या माशाचं नाव घेतोय! पण ऋग्वेदात 'लक्ष' येतो तो जुगाऱ्याने जिंकलेल्या पणाच्या अर्थाने. खूण, नेम हा अर्थही जुना आहे आणि संख्येकडे जाणारी वाट तिथूनही निघू शकते. लाक्षेचा संबंध तांबड्या रंगाच्या इतर शब्दांशी लावणारेही आहेत. थीमेची कल्पना आज बहुतेकांना पटत नाही. मला ती सोडून देताना वाईट वाटलं, हे कबूल करते. सुंदर व्युत्पत्ती आणि खरी व्युत्पत्ती यांत निवड करायची वेळ आली, की मन नेहमी सुंदर बाजूला झुकतं. आठ हजार वर्षांच्या वाक्यालाही असंच मन भुलतं.

आता ती गाडलेली कहाणी. यिडिश जन्मली साधारण हजार वर्षांपूर्वी, आणि तिच्या उगमाची गोष्ट सांगताना ऱ्हाइन नदीकाठच्या श्पायर, वर्म्स आणि माइन्त्स या शहरांची नावं पहिल्यांदा येतात. तारीख माहीत असलेलं यिडिशमधलं सर्वांत जुनं वाक्य १२७२ सालच्या एका हस्तलिखित प्रार्थनाग्रंथात आहे, जो 'वर्म्स महझोर' म्हणून ओळखला जातो. ग्रंथ हिब्रूत आहे. त्यातल्या एका शब्दाची मोठी, नक्षीदार अक्षरं काढताना लेखनिकाने त्या अक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागेत बारीक हाताने यमक जुळवून लिहिलं: हा ग्रंथ जो प्रार्थनागृहापर्यंत वाहून नेईल, त्याचा दिवस चांगला जावो. ग्रंथ जड होता, कोणीतरी तो उचलून नेणार होतं. देवाशी बोलायला हिब्रू आणि ओझं वाहणाऱ्या माणसाशी बोलायला यिडिश. या भाषेचं अख्खं काम मला त्या एका ओळीत दिसतं.

त्या काळी ऱ्हाइन सॅमनने भरलेली असे. पुढे धरणं, बांध आणि कारखान्यांचं पाणी आलं आणि १९५० च्या दशकापर्यंत नदीतला सॅमन संपला. १ नोव्हेंबर १९८६ ला बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विष नदीत उतरलं, पाणी लाल झालं, मासे मेले, तेव्हा काठावरचे देश जागे झाले. सॅमन परत आणायचा असं त्यांनी ठरवलं, बांधांना माशांसाठी जिने बांधले, पिल्लं सोडली. आज थोडे मासे परत येतात. म्हणजे ज्या नदीकाठी 'लाक्स' हा शब्द ज्यूंच्या तोंडी आला, तिथून आधी बरेचसे ज्यू हाकलले गेले, पुढे उरलेले मारले गेले आणि मासाही गेला. शब्द मात्र समुद्रापार जाऊन मेन्यूवर बसला.

शब्द अमेरिकेत पोचला, पण पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंच्या ताटात सॅमन फारसा नव्हताच. त्यांचा मासा होता हेरिंग, पिंपात खारवलेला, स्वस्त. अमेरिकेत १८६९ मध्ये पूर्व-पश्चिम जोडणारी रेल्वे झाली, आणि पॅसिफिककाठचा सॅमन मिठाच्या पाण्याने भरलेल्या पिंपांतून न्यूयॉर्कला येऊ लागला. बर्फ लागत नव्हता, महिनोन्महिने टिकायचा, परवडायचा. दुकानदार तो पाण्यात भिजवून जादा मीठ उतरवायचे आणि कापून विकायचे. ज्यूंच्या आहारनियमांत पर आणि खवले दोन्ही असलेला मासाच चालतो आणि सॅमनला दोन्ही आहेत. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, पण मासा मांसात धरत नाहीत, त्यामुळे चीजबरोबर तो खाता येतो. म्हणून मासे आणि दुधाचे पदार्थ विकणारी एक स्वतंत्र दुकानंच निघाली. जोएल रस नावाच्या स्थलांतरिताने १९१४ मध्ये उघडलेलं, पुढे 'रस अँड डॉटर्स' म्हणून गाजलेलं दुकान अजून हाऊस्टन स्ट्रीटवर आहे. बेगल (मधे भोक असलेला गोल पाव), क्रीम चीज आणि लॉक्स ही जोडी पूर्वजांच्या गावात कोणी पाहिली नव्हती. ती इथे, परक्या देशात, फेरीवाल्यांनी आणि शिवणकामगारांनी घडवली. पुढे घरोघरी फ्रिज आले, टिकवण्यासाठी एवढ्या मिठाची गरज उरली नाही, जिभेला सौम्य नोव्हा आवडू लागला आणि लॉक्स हे नाव त्याच्याकडे गेलं.

यातली एक गोष्ट मला फार हलवते. जुन्या इंग्रजीत या माशाला 'लेआक्स' असा स्वतःचा शब्द होता. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून 'सॅमन' आला आणि तो शब्द मागे पडला. जवळजवळ नऊशे वर्षांनी इंग्रजीला आपलाच हरवलेला शब्द परत मिळाला, तो न्यूयॉर्कमध्ये नव्यानेच उतरलेल्या लोकांच्या तोंडून, ज्यांच्या भाषेला तिथले शिकलेले लोक 'बिघडलेली जर्मन' म्हणून हिणवत होते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी यिडिश बोलणारे जगात सुमारे १ कोटी १० लाख होते. नाझींनी ६० लाख ज्यूंना मारलं, त्यांतले बहुतेक यिडिशभाषक होते. सोव्हिएत संघात १२ ऑगस्ट १९५२ च्या रात्री मॉस्कोत तेरा ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या, त्यांत यिडिशचे नामांकित कवी-लेखक होते. इस्रायलमध्ये सगळा जोर हिब्रूवर होता. सुरुवातीच्या काळात तिथे यिडिश नाटकांना आणि दैनिकांना परवानगीसाठी झगडावं लागलं. अमेरिकेत कोणी बंदी घातली नाही, शाळेने आणि बाजाराने काम केलं. आईबाप एकमेकांत यिडिश बोलत, पण मुलांपासून काही लपवायचं असेल तेव्हाच. आज जगभरात बोलणारे काही लाख उरलेत आणि युनेस्कोने तिला धोक्यातल्या भाषांत घातलं आहे.

आणि या भाषेबद्दल आपल्याला काय ठाऊक असतं? बेगल, लॉक्स, 'खुत्स्पा' (म्हणजे निलाजरी धिटाई) यांसारखे पाचपंचवीस शब्द. ते शब्द वापरणारे अनेक लोक मनापासून मानतात, की यिडिश जिवंत आहे, बघा ना, आम्ही रोज बोलतो. माझं म्हणणं असं, की हीच समजूत भाषेला सर्वांत महाग पडते. शब्द दुसऱ्याच्या भाषेत तगला, याचा अर्थ तो त्या दुसऱ्या भाषेचा झाला. त्याला बहुवचन इंग्रजी लागतं, क्रियापद इंग्रजी लागतं, भांडण इंग्रजीत होतं. यिडिशमध्ये एखाद्या बाईने मासा शिळा आहे म्हणून दुकानदाराशी घातलेला वाद, त्यातला तिचा टोमणा, त्याचं उत्तर, रांगेतल्या तिसऱ्याने मधेच घातलेलं तोंड, हे सगळं मिळून भाषा होते. त्यातला एक नाम उचलून काचेत ठेवला तर बाकीचं आपोआप टिकत नाही.

यावर एक उत्तर नेहमी येतं आणि ते मला सहज झटकता येत नाही. अशा शब्दांच्या दारातूनच तर नवी माणसं आत येतात, असं म्हणतात. खरं आहे. १९८० मध्ये ॲरन लॅन्स्की नावाच्या चोविशीतल्या विद्यार्थ्याने मॅसॅच्युसेट्समध्ये यिडिश पुस्तकं वाचवायला घेतली. म्हाताऱ्यांच्या माळ्यांवरून, तळघरांतून, कचऱ्याच्या डब्यांतूनसुद्धा. जाणकार म्हणत होते, जमवण्याजोगी जेमतेम ७० हजार पुस्तकं उरली असतील. जमली दहा लाखांवर. घरात यिडिश न बोलणारी पिढी हे करू शकली, ती कुठल्यातरी ओढीनेच. पण लॅन्स्कीने भाषा शिकून घेतली होती, रात्री-अपरात्री पुस्तकांची खोकी उचलली होती. आठ हजार वर्षांचा आकडा वाचून 'अरे वा' म्हणणं आणि खोकं उचलणं यांत फार अंतर आहे. स्वीडनसारख्या देशाने २००० सालापासून यिडिशला राष्ट्रीय अल्पसंख्याक भाषेचा दर्जा दिला. तिथे ती बोलणारे मूठभर आहेत, तरी तिची जबाबदारी सरकारने पत्करली. ज्या देशांनी ही भाषा आपल्या मातीतून पुसली किंवा पुसू दिली, त्यांनी एवढं तरी केलं पाहिजे.

हे सगळं मला इतकं टोचतं त्याला आणखी एक कारण आहे. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची परंपरा सांगते, की दाविद रहाबी नावाचा माणूस त्यांच्यात आला आणि हे ज्यू आहेत की नाहीत हे पाहायला त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले नसलेले मासे बाजूला काढले. त्याला ओळख पटली. त्या बायका मराठी बोलत होत्या. त्यांची हजारो लेकरं पुढे इस्रायलला गेली. तिथेही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, पण नातवंडांची बोली हिब्रू झाली. मलिद्याचा विधी मात्र टिकला आहे. गोड पोहे, खोबरं, फळं आणि एलियाहू पैगंबराचं स्मरण. उद्या एखादा उत्साही माणूस लिहील, 'मलिदा' हा शब्द अमुक शतकं जुना, किती छान जपला! आणि त्या शब्दाभोवती जी अख्खी मराठी होती, ओव्या, कीर्तनं, सासूसुनांचे वाद, तिच्याबद्दल तो एक ओळही लिहिणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मलाही भरून आलं होतं. त्या दर्ज्याच्या कसोटीत भाषेचं प्राचीनत्व मोजतात. मराठीचं ते मोजलं गेलं, शिलालेख आणि प्राकृत ग्रंथ पुढे ठेवले गेले. चांगलंच झालं. पण त्याच वर्षी न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या मराठी घरांत मुलं आजीशी इंग्रजीत बोलत होती आणि आजी इंग्रजी शिकत होती. नाणेघाटातली ब्राह्मी अक्षरं त्या आजीच्या काही कामाची नव्हती. तिला नातीशी भांडायला, तिला रागवायला, तिची समजूत काढायला कोणीतरी मराठीत हवं होतं. हे लिहिताना मी माझ्या घराला वगळत नाही.

यिडिश आज खऱ्या अर्थाने नांदते ती ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या किर्यास जोएल गावात, हासिदी या कर्मठ ज्यू पंथाच्या लोकांच्या वस्त्यांत. त्यांच्या जगातलं सगळं मला मान्य नाही. मुलींवरची बंधनं, शाळेत बाहेरच्या विषयांना दिलेली कमी जागा, यावर वाद आहेत आणि ते व्हायला हवेत. पण भाषेची आठवण काढून हळहळणारे अनेकदा या लोकांना मोजतच नाहीत. ती 'खरी' यिडिश नाही, तिच्यात इंग्रजी शब्द फार, असं म्हणतात. जिवंत भाषेत दुसरीचे शब्द येणारच. तिथे पोरं रस्त्यात यिडिशमध्ये मारामाऱ्या करतात, दुकानांच्या पाट्या यिडिशमध्ये आहेत, कोपऱ्यावरच्या भिंतीवर कोणाच्या तरी हरवलेल्या किल्ल्यांची जाहिरात यिडिशमध्ये आहे.

त्या आजोबांना भेटल्यावर पुढच्याच आठवड्यात मी विल्यम्सबर्गला गेले. एका दुकानात बर्फावर मासे मांडले होते आणि काचेला नाक लावून चारेक वर्षांचा एक मुलगा उभा होता, कानाशी लांब बटा, हातात अर्धी खाल्लेली बिस्किटं. त्याने बोट दाखवून आईला विचारलं, "वुस इझ दुस?" हे काय आहे? आईचे दोन्ही हात पिशव्यांत अडकलेले. तिने मान वळवून पाहिलं.

"लाक्स," ती म्हणाली, आणि त्याला पुढे ये म्हणून हनुवटीने खुणावलं.